ग्वातेमालात राहून स्पॅनिश शिकणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालात सात आठवडे राहून स्पॅनिश शिकून आले. पहिले दोन अंतिग्वा या गावात, उरलेले शेला या गावात. तेव्हापासून मैत्रिणींच्या मैत्रिणी, त्यांचे भाऊ, कुणाचे निवृत्त बाबा असे सगळे मला तेच ते प्रश्न पाठवतात. एकेकाला व्हॉट्सॲपवर लिहून अंगठे दुखायला लागले, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडनिडे प्रश्न शेवटाकडे आहेत.

१. स्पॅनिश शिकायला स्पेन सोडून ग्वातेमाला कशाला?

एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, हे मुख्य कारण. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी दहा-बारा जणांचा वर्ग असतो. इथे सोमवार ते शुक्रवार रोज चार-पाच तास समोर एकच माणूस बसलेला असतो आणि बोलण्याची पाळी सतत तुमचीच असते. शिवाय शाळाच तुमची राहायची सोय एखाद्या घरात करते, त्यामुळे वर्ग सुटला तरी भाषा सुटत नाही. तिसरं कारण कानाचं. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातले लोक सावकाश, शब्द न गिळता बोलतात. नवशिक्याला ते पेलतं.

स्पेनमध्ये नोकरी किंवा शिक्षण करायचं पक्कं असेल तर मात्र सरळ स्पेनला जा.

२. अंतिग्वा की शेला?

अंतिग्वा ही जुनी राजधानी. १७७३च्या भूकंपात ती उद्ध्वस्त झाली, राजधानी दुसरीकडे हलवली गेली आणि हे गाव पडक्या चर्चांसकट मागे राहिलं. १९७९ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. दगडी गल्ल्या, रंगीत भिंती, दक्षिणेला आग्वा नावाचा ज्वालामुखी आणि पश्चिमेला अधूनमधून धूर सोडणारा फुएगो. देखणं आहेच, पण परदेशी इतके की तुम्ही मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये कॉफी मागता आणि वेटर इंग्रजीत उत्तर देतो.

शेलाचं सरकारी नाव केत्सालतेनांगो. स्थानिक किचे भाषेतलं शेलाहू हे नाव लोकांनी आखडून शेला केलं. उंची सुमारे २,३३० मीटर. गाव थोडं रुक्ष आहे, पण तिथे तुमच्याशी इंग्रजी बोलायला कुणालाही वेळ नाही. अंतिग्वापेक्षा स्वस्तही आहे. माझा सल्ला: पहिला आठवडा अंतिग्वात सावरायला, बाकी सगळे शेलात. थंडीचं मात्र लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत शेलात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि घरांत हीटर नसतात. मुंबईकरांनी दोन स्वेटर जास्तच घ्यावेत.

३. आधी इथे शिकून जाऊ, की कोरी पाटी घेऊन गेलं तरी चालेल?

चालेल, पण पहिले पाच दिवस वाया घालवू नका. आकडे, वार, वेळ, 'हे किती', 'ते कुठे', आणि वर्तमानकाळातली पंधरा-वीस क्रियापदं इथूनच पाठ करून जा. ही घोकंपट्टी घरी फुकट होते, तिथे तासाला पैसे मोजावे लागतात.

४. चार तास एकाच माणसासमोर बसून नक्की करतात काय?

अंगणात एक छोटं टेबल, दोन खुर्च्या, एक वही. पहिला तास काल काय केलं ते सांगण्यात जातो. भूतकाळ असा आपोआप शिकला जातो. मग थोडं व्याकरण, थोडं वाचन. मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, तिला तिथे 'रेफाक्सियोन' म्हणतात. चौथ्या तासाला डोक्याचा भुगा होतो. त्या वेळी शिक्षिकेला म्हणा, 'चला बाजारात.' शाळांची त्याला हरकत नसते. कोबीचा भाव तिच्या देखत विचारून जे डोक्यात बसतं, ते पाटीवर बसत नाही.

५. माझं इंग्रजी कच्चं आहे. मग स्पॅनिश कसं जमणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि मी दर वेळी तेच सांगते: उलट बरं आहे. स्पॅनिश इंग्रजीतून शिकायला गेलात तर निम्मी भाषा विचित्र वाटते. मराठीतून गेलात तर ओळखीची वाटते.

'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य घ्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन मुलाचा यात आख्खा आठवडा गेला, कारण त्याला 'मी आवडतो आंबा' असं म्हणायचं होतं. आपण काय म्हणतो? मला आंबा आवडतो. कर्ता आंबा, आणि मी बाजूला 'ला' लावून उभी. आंबे झाले की आवडतात. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्तान लोस मांगोस'. शब्दाला शब्द ठेवा, वाक्य तयार.

पुढे बघा. 'मी घर बघते' पण 'मी मारियाला बघते'. घराला 'ला' नाही, माणसाला आहे. स्पॅनिशमध्ये 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मारिया'. तो 'आ' म्हणजे आपला 'ला'. मग भूतकाळ. 'मी गेले' आणि 'मी जायचे' यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला का? 'फुई' म्हणजे गेले, 'इबा' म्हणजे जायचे. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. पुढे ज्याला सगळे घाबरतात तो इच्छार्थाचा प्रकार येतो, 'किएरो के बेंगास', तेव्हा 'तू यावंस असं मला वाटतं' हे आठवा. सगळीकडे जुळणार नाही, पण भीती मोडते.

उच्चारातही आपण पुढे. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून. स्वर पाच, स्वच्छ. फक्त 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा', तेवढा र थरथरवायला शिका. आणि ब-व मध्ये ते फरक करत नाहीत, त्यामुळे 'व्ह'चा हट्ट सोडा.

पोर्तुगीजांच्या कृपेने काही शब्द तर घरातच आहेत. पगार हे त्यांचं 'पैसे देणे' हे क्रियापद, उच्चारही तोच. साबण 'हाबोन' होतो, चावी 'यावे' होते, पाव 'पान' होतो. बटाट्यापाशी मात्र फसाल. ग्वातेमालात बटाटा म्हणजे 'पापा'.

मराठी कुठे कामाला येत नाही, तेही सांगते. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत. एकच विशेषण, पण 'सेर'बरोबर 'तो कंटाळवाणा आहे' आणि 'एस्तार'बरोबर 'तो कंटाळलाय'. मी हे उलटं वापरून शिक्षिकेच्या नवऱ्याला त्याच्या तोंडावर कंटाळवाणा ठरवलं होतं. लिंगंही जुळतील अशी आशा धरू नका. आपला हात 'तो', त्यांचा 'मानो' स्त्रीलिंगी.

६. 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'?

स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे तूच, अर्थही तोच. आणि इथेच मराठी माणूस फसतो. ग्वातेमालात मित्रामित्रांत 'वोस' चालतं, त्याची क्रियापदंही वेगळी: 'तुला हवंय'साठी 'तू' असेल तर 'किएरेस', 'वोस' असेल तर 'केरेस', म्हणजे मधला 'इए' गायब आणि जोर शेवटच्या अक्षरावर. 'तू' मध्येच लटकलेलं आहे. दोन पुरुषांनी एकमेकांना 'तू' म्हटलं तर ते जरा नाजूकपणाचं वाटतं.

नियम सोपा ठेवा. सगळ्यांना 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. घरच्या आजींना, दुकानदाराला, बसवाल्याला. समोरचा 'वोस'वर उतरला की तुम्हीही उतरा. काही घरांत आई लेकरालाही 'उस्तेद' म्हणते, कधी लाडाने, कधी रागावून. ते ऐकून गोंधळू नका. आपल्याकडेही आई चिडली की 'या, साहेब' म्हणतेच. मोठ्या माणसांच्या नावाआधी 'दोन' किंवा 'दोन्या', आणि शिक्षिकेला किंवा दुकानातल्या बाईंना 'सेन्यो'.

७. अनोळखी घरात राहायचं म्हणजे नक्की कसं?

तुम्हाला वेगळी खोली, तिला कुलूप, आणि सोमवार ते शनिवार तीन वेळचं जेवण. रविवारी बहुतेक घरांत तुमचं तुम्ही बघायचं असतं. पैसे शाळा घराला देते, तुम्ही हातात द्यायचे नसतात.

पहिल्या दिवशी ज्याची ओळख करून घ्यावी ती वस्तू म्हणजे 'पीला'. अंगणातली सिमेंटची मोठी मोरीच समजा, तिला तीन कप्पे. मधल्या खोल कप्प्यात पाणी साठवलेलं, एका बाजूला भांडी, दुसऱ्या बाजूला खवल्याखवल्यांच्या दगडावर कपडे. मधल्या पाण्यात हात किंवा खरकटं भांडं कधीही बुडवायचं नाही. शेजारी प्लास्टिकचं वाडगं असतं, ते 'पालांगाना', त्याने पाणी घेऊन बाजूच्या कप्प्यात धुवायचं. आपल्या आजीच्या पिंपातल्या पाण्याचा नियम होता, तोच. मी न विचारता वाडगं उचललं तेव्हा घरच्या बाईंनी 'हिला येतं' अशा नजरेने मुलीकडे पाहिलं. तोपर्यंत मला दोन वाक्यंही धड बोलता येत नव्हती.

न्हाणीत शॉवरच्या तोंडालाच विजेची पेटी बसवलेली असते. पाणी कमी सोडलं तर गरम, जास्त सोडलं तर गार. ओल्या हाताने तिला शिवू नका. कागद संडासात टाकायचा नाही, बाजूच्या टोपलीत टाकायचा.

जेवून उठताना पानावरच्या सगळ्यांना 'ग्रासियास' म्हणायचं. ते 'ब्वेन प्रोवेचो' म्हणतात. आपलं 'सावकाश होऊ द्या' तिथे अजून रोजच्या वापरात आहे, हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूससुद्धा जाता जाता म्हणून जातो.

८. मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

नाही, पण शब्द जपून वापरा. 'नो कोमो कार्ने' म्हटलंत तर समोर कोंबडी येईल. 'कार्ने' म्हणजे लोकांच्या डोक्यात गाईगुरांचं मांस. म्हणून यादीच वाचायची: कार्ने नाही, पोयो (कोंबडी) नाही, पेस्कादो (मासा) नाही, हामोन (डुकराचं मांस) नाही. मग शेवटचा, सगळे विसरतात तो प्रश्न: भातात कोंबडीच्या रश्शाची पूड आहे का, आणि घेवड्यात डुकराची चरबी, म्हणजे 'मांतेका', आहे का? तामालमध्ये, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या गोळ्यात, तर ती जवळजवळ असतेच. हे सगळं शाळेला लेखी कळवा, म्हणजे घर तसं निवडतात.

खायला काय मिळतं? काळा घेवडा, सकाळ-संध्याकाळ. एकदा अख्खा, एकदा वाटून, एकदा तव्यावर परतून गोळा केलेला. अंडं चालत असेल तर प्रश्नच मिटला. ताजं पनीरसारखं चीज, तळलेली मोठी केळी, आवोकादो आणि तोर्तिया.

तोर्तियाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात, साल सुटते, मग दळून पीठ. चुन्यामुळेच ते चिकट होतं आणि थापता येतं. भाजायचा तवा 'कोमाल'. घरच्या बाई दोन्ही तळव्यांत गोळा आपटत फिरवायच्या, टप टप टप, आणि तळहाताएवढी जाडसर चकती तव्यावर. मी म्हटलं, मला येतं. लहानपणापासून ज्वारीची भाकरी थापली आहे. थापली ती परातीएवढी झाली आणि उचलताना मधून फाटली. पूर्ण घर हसलं. धाकट्या मुलाने तिला 'ला तोर्तिया दे ला इंदिया' असं नाव दिलं आणि नंतर रोज मागितली. त्या अर्ध्या तासात मी थापणे, उलटणे, करपणे, फाटणे अशी जी क्रियापदं शिकले, ती कुठल्याही धड्यात नव्हती.

कॉफीबद्दल अपेक्षा ठेवू नका. चांगली बाहेर जाते. घरात पातळ आणि गोड. पण तिच्यात 'चांपुर्रादा' नावाचं कडक बिस्कीट बुडवतात, आणि बुडवणाऱ्या माणसांशी आपलं पटतंच.

९. घरात सगळे टीव्हीसमोर बसतात, माझ्याशी कुणी बोलत नाही. काय करू?

हे होतं. विद्यार्थी येतात-जातात, घराला त्याची सवय झालेली असते. काम मागा. शेंगा सोलणं, तोर्तियावाल्या बाईंकडून दुपारच्या तोर्तिया आणणं, मुलाचा गणिताचा गृहपाठ. हातात काम असलं की बोलणं निघतं. शनिवारी संध्याकाळी दाराबाहेर लाल दिवा लागलेलं घर दिसलं तर तिथे तामाल विकायला आहेत. घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा.

एकाच घरात चार-पाच परदेशी विद्यार्थी ठेवले असतील तर मात्र उपाय चालत नाहीत. जेवताना इंग्रजीच होतं. माझं अंतिग्वातलं पहिलं घर असंच होतं. आधीच विचारा: 'माझ्याशिवाय किती जण?'

१०. घर किंवा शिक्षक पटला नाही तर बदलता येतो का?

येतो, आणि त्यात कुणी अपमान मानत नाही. शिक्षक सहसा दर सोमवारी बदलता येतो. शुक्रवारी दुपारच्या आत कार्यालयात सांगा. पूर्ण मुक्कामाचे पैसे आगाऊ भरू नका, आठवड्या-आठवड्याने भरा. एका शाळेने माझे चार आठवड्यांचे पैसे घेतले आणि दोन आठवड्यांनी निघाले तेव्हा परत द्यायला खळखळ केली. आणखी एक विचारा: भरलेल्यातलं शिक्षकाला किती मिळतं? उत्तर टाळणाऱ्या शाळेत मी जाणार नाही.

कार्यालयातलं उत्तर 'फिहेसे के...' ने सुरू झालं तर समजा, काम झालेलं नाही. आपलं 'त्याचं काय झालं ना...' तेच.

११. एकटी बाई, सुरक्षित आहे का?

मी एकटीच होते. पथ्यं पाळली. विमानतळ राजधानीत आहे, तिथून शाळेची गाडी घेऊन थेट अंतिग्वा. राजधानीत शहर बसने फिरायचं नाही. रात्री गावांमधला प्रवास नाही. ज्वालामुखीवर गट आणि वाटाड्याशिवाय नाही. फुएगोचा २०१८चा उद्रेक आठवून तरी नाही.

दिवसाच्या बसचा अनुभव मात्र घ्या. अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बस रंगवून, आरशांना झालरी लावून चालवतात. दोन पोरांच्या बाकावर तीन मोठी माणसं. दाराला लटकलेला पोरगा 'शेला शेला शेलाआआ' ओरडतो तेव्हा स्वारगेटला उभं असल्यासारखं वाटतं. गावातल्या गावात तीनचाकी 'तुक-तुक' आहेत, आणि त्यांच्या पुढच्या काचेखाली बजाजचं नाव. ड्रायव्हरला सांगितलं की ही आमच्या पुण्याची कंपनी, की गप्पा सुरू.

१२. व्हिसाचं काय?

दिल्लीतल्या ग्वातेमालाच्या दूतावासाला ईमेल करा आणि उत्तर छापून जवळ ठेवा. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर तो आवर्जून कळवा, त्यावरून उत्तर बदलू शकतं. अमेरिकेमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लांब राहणाऱ्यांसाठी खाचखळगा असा: ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चौघांचे मिळून ९० दिवस मोजतात. होंडुरासला जाऊन आलात म्हणून मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही.

१३. कधी जावं?

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे. मे ते ऑक्टोबर पाऊस, पण बहुधा दुपारनंतर. सकाळचा वर्ग निवडा. ईस्टरच्या आधीचा आठवडा अंतिग्वात शिकायला वाईट आणि बघायला अप्रतिम: मिरवणुकीच्या रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे रात्रभर जागून घालतात आणि मिरवणूक त्यांच्यावरूनच चालत जाते. रांगोळी काढणाऱ्यांच्या पोटात कालवतं. १ नोव्हेंबरला सुंपांगो गावात घराएवढे पतंग.

१४. बाजारातल्या बायका स्पॅनिश बोलतच नाहीत. माझं चुकतंय का?

नाही. त्यांच्यातल्या अनेकींची ती दुसरी भाषा आहे, तुमच्यासारखीच. देशात तिथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माया लोकांच्या, २२ भाषा आहेत. शेलाच्या आसपास किचे आणि माम. मला तर अशा बायकांशी बोलणं सोपं गेलं: दोघींची वाक्यं छोटी, दोघींना घाई नाही. किचेत धन्यवादाला 'मालत्योश' म्हणतात. न विचारता फोटो काढू नका.

१५. युद्धाबद्दल घरच्यांना विचारू का?

तुम्ही होऊन नाही. १९६० ते १९९६ यादवी चालली, दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया. समोर बसलेल्या आजीच्या घरात काय झालं असेल ते तुम्हाला माहीत नसतं. त्या बोलल्या तर ऐका, व्याकरण विसरून.

१६. 'मी भारतीय' कसं म्हणायचं?

'सोय दे ला इंदिया'. एवढंच. शब्दकोशात 'इंदियो' दिसेल, पण ग्वातेमालात तो शब्द माया लोकांना हिणवायला वापरतात. चुकूनही नको. लोक तुम्हाला 'इंदू' म्हणतील. तो तिथे धर्म नसून देश असतो, त्यामुळे मुसलमान किंवा ख्रिश्चन वाचकांनीही दचकू नये.

१७. ग्वातेमालातली स्पॅनिश बाकी देशांत चालेल का? प्रमाणपत्राला किंमत आहे का?

चालेल. 'वोस' बाजूला ठेवा (प्रश्न ६) आणि स्पेनमध्ये 'बस पकडणे'साठी सर्रास वापरतात ते 'कोहेर' ग्वातेमालातल्या घरात उच्चारू नका, अर्थ अश्लील आहे, 'आगार्रार' म्हणा. शाळेचा कागद भिंतीवर लावायला ठीक. नोकरीसाठी देले ही परीक्षा द्या. ती दिल्लीच्या सेर्वांतेस संस्थेत देता येते.

१८. सात आठवड्यांत किती येतं?

भांडता येतं, विनोद कळत नाही.

१९. घरच्यांना भेट काय न्यावी?

कोल्हापुरी चप्पल मापाअभावी फसते. खणाचं कापड, तिळाच्या वड्या, घरच्यांचा फोटो चालतो. मी वेलची नेली होती, भारताची खासियत म्हणून. पुडी बघून घरचे काका म्हणाले, ही तर आमच्याकडे आल्ता वेरापासला होते. खरंच होतं: जगात सगळ्यात जास्त वेलची निर्यात करणाऱ्यांत ग्वातेमाला आघाडीवर आहे. रोपं मुळात आपल्याकडचीच, शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन मळेवाल्याने तिथे लावलेली. पण बरीचशी अरब देशांना जाते. या घरात ती कुणी चाखलीच नव्हती. मी चार दाणे कुटून चहात टाकले. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि विचारलं, 'हे आपण विकतो, आणि पीत नाही?' मग चांपुर्रादा बुडवली.